नळ घेण्याआधी पाणी कुठलं ते सांगा

कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडे विटा-वाळूच्या ट्रॉल्या फिरायला लागतात, आणि अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत घरभरणी व्हावी म्हणून जो तो घाई करतो. त्यामुळे या वेळच्या पत्रांमध्ये नळ आणि सिंकचेच प्रश्न जास्त आले आहेत.

अमळनेरला आमच्या नळ-पाइपच्या दुकानात मी सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसते. सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा पितळी तोट्या, जीआय पाइप, वायसर आणि सुतळी एवढाच माल असे. आता एका भिंतीवर दीडशे नळ टांगलेले आहेत. गिऱ्हाईक आलं की भिंतीकडे बघून बोट दाखवतं, "तो द्या." मी विचारते, पाणी कुठलं? टाकी किती उंच? सिंक घेतलं की घ्यायचं आहे? घरात म्हातारं माणूस आहे? पुष्कळांना वाटतं ही बाई माल विकायचा सोडून चौकशा करत बसते. पण नळ एकदा टाइल्समध्ये बसला की दहा-पंधरा वर्षं रोज त्याच्याशीच गाठ असते. म्हणून याही वेळी माझी उत्तरं तिथूनच सुरू होतील.

ताई, केळीच्या मळ्याजवळ आमचं नवीन घर चालू आहे. पाणी बोअरचं. मुलाने आणि सूनबाईने मोबाइलवर बघून सगळ्या घराला काळे मॅट नळ पसंत केलेत. मिस्त्री म्हणतो, घेऊ नका, वर्षात कळा जाईल. मुलगा म्हणतो, मिस्त्रीला नवीन काही माहीत नाही. मी कोणाचं ऐकू?
*— एक शेतकरी, यावल तालुका*

दादा, दोघांच्या आधी तुमच्या बोअरच्या पाण्याचं ऐका. घरात तूरडाळ शिजायला वेळ लावते का, हे वहिनींना विचारा. अंगाच्या साबणाला फेस येतो का? पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरी खपली धरते का? तिन्हींचं उत्तर मनासारखं नसेल तर पाणी जड आहे. नेमका आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आय.एस. १०५०० आहे. त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. घराला एवढा पैसा घालताय, तर एक बाटली पाणी नेऊन द्यायचा कंटाळा करू नका. त्या आकड्यावरून नळच काय, गीझरसुद्धा ठरवता येतो.

जड पाण्याचा थेंब नळावर वाळला की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. चकचकीत क्रोमवर हा डाग पांढऱ्यावर पांढरा असतो, फडकं मारलं की जातो. काळ्या मॅटवर तोच डाग पाटीवर पेन्सिलने ओढल्यासारखा दिसतो. बरं, मॅट पृष्ठभाग खरखरीत, त्यामुळे क्षार तिथे धरूनही बसतो. मग घरातलं कोणीतरी संडास साफ करायचं अॅसिड घेऊन घासतं, आणि त्या दिवशी नळ संपला. माझ्याकडे परत आलेल्या काळ्या नळांपैकी बहुतेक पाण्याने नाही, अॅसिडने मेलेले होते.

मिस्त्रीचं म्हणणं बोअरच्या पाण्यापुरतं बरोबर आहे. पण काळे सगळे सारखे नसतात. काहींवर नुसता रंग किंवा पावडर कोटिंग असतं, काहींवर प्लेटिंग असतं, आणि पीव्हीडी नावाच्या पद्धतीने चढवलेला थर सगळ्यांत चिवट असतो. डबीवर यातलं काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर रंगच समजा.

मी तुमच्या जागी असते तर स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरांना क्रोम घेतलं असतं, किंवा ब्रश फिनिशचं ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील. ब्रश फिनिशच्या बारीक रेघांत पाण्याचे डाग लपतात आणि ते दिसतंही आजच्या पद्धतीचं. सूनबाईचा हट्ट मात्र सगळाच मोडू नका, घर तिचंही आहे. बाहेरच्या खोलीतलं हात धुवायचं बेसिन तिच्या मनासारखं काळ्या नळाचं होऊ द्या. तिथे वापर कमी, आणि येता-जाता फडकं फिरवणं जमतं. फक्त त्या बेसिनखालचं दिसणारं सामान, म्हणजे बॉटल ट्रॅप, अँगल कॉक आणि वेस्ट कपलिंगसुद्धा काळंच घ्या. वर काळा नळ आणि खाली चांदीसारखी चमकणारी नळी असली की सगळी जागा अर्धवट वाटते. दर महिन्याला मी कोणाला तरी हे सांगते, आणि तरी लोक वरचा नळ भारी घेऊन खालच्या सामानात पैसे वाचवतात.

आता आतली गोष्ट. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या टणक सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. ही सिरॅमिक डिस्क क्षाराला सहसा दाद देत नाही. रबराच्या वायसरपेक्षा ती आपल्या पाण्याला चांगलीच. तिचा वैरी म्हणजे वाळूचा कण. एक कण दोन चकत्यांत अडकला की रेघ पडते, आणि नळ गळायला लागतो.

आमच्या स्वतःच्या घरात हेच झालं. नवीन लाइन टाकली, त्याच संध्याकाळी नळ बसवले, आणि पंधरवड्यात तीन नळ गळू लागले. उघडले तर आत पाइप कापल्याचा कीस आणि सिमेंटचे खडे. दोष नळांचा नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, लाइन झाल्यावर सगळे पॉइंट उघडे सोडून टाकी अर्धी रिकामी होऊ द्या, मगच नळ लावा. बोअरचं पाणी असेल तर टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर वाय-स्ट्रेनर, म्हणजे पाण्याची गाळणी, बसवा आणि त्याची जाळी दोन महिन्यांनी धुवा. ते सामान एका बऱ्या नळाच्या किमतीत येतं आणि घरातले सगळे नळ वाचवतं.

नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तीही क्षाराने बुजते. ती फिरवून काढा, वाटीभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. नळावर मात्र लिंबू चोळून तसंच सोडू नका, लगेच पाण्याने धुवा.

नमस्कार ताई. ओटा नवीन केला. सिंक २४ बाय १८ चं, १० इंच खोल. नळ भिंतीतला. पाणी सिंकच्या मागच्या बाजूवर आदळतं आणि ओटाभर शिंतोडे उडतात. मांड्यांची परात धुवायला घेतली की नळाला अडकते. अखाजीला नणंदा येणार आहेत. सिंक बदलू की नळ? दोन कप्प्यांचं घेतलं असतं तर बरं झालं असतं का?
*— एक वाचक भगिनी, शिरपूर*

वहिनी, सिंकला हात लावू नका. ते बसवलेलं काढायचं म्हणजे ग्रॅनाइट फोडण्यापर्यंत वेळ येते. दोष मापाचा आहे आणि तो नळापाशीच निस्तरता येतो.

टेप घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. सिंकची मागची कड भिंतीपासून समजा ३ इंच. सिंक पुढे-मागे १८ इंच, म्हणजे त्याचा मध्य भिंतीपासून १२ इंचांवर. साध्या सिंक कॉकची मान ६ इंचांची असते, तेव्हा धार सिंकच्या कडेपासून फक्त ३ इंच आत पडते. तिथे सिंकची बाजू वळते आणि पाणी तिच्यावर आपटून तुमच्या अंगावर येतं. धार मध्याच्या थोडी मागे पडली पाहिजे, म्हणजे हात आणि भांडं दोन्ही तिच्याखाली मावतात. तुमच्या सिंकला भिंतीपासून ९ ते १० इंच लांब मान लागेल.

पुष्कळ सिंक कॉकची मान नटाने जोडलेली असते आणि ती वेगळी विकत मिळते. तुमचा नळ चांगला असेल तर आधी तेवढीच बदलून बघा. जुनी मान काढून दुकानात न्या, नटाचं माप दाखवा आणि हंसाच्या मानेसारखी वर जाऊन वळलेली लांब मान मागा. ती डावी-उजवीकडे फिरणारी हवी, म्हणजे परात सिंकमध्ये ठेवताना बाजूला सारता येते. उंचीसाठी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं सिंकमध्ये उभं ठेवा. त्याच्या काठावर चार बोटं जागा सुटली की पुरे. त्याहून उंच नळ दिसायला ऐटदार दिसतो, पण धार उंचावरून पडली की शिंतोडे वाढतात. तोंडाशी फेसाळ पाणी देणारी जाळी असेल तर ते कमी होतं.

दोन कप्प्यांच्या सिंकची हळहळ मनातून काढा. ज्या घरात ताट-वाट्या एकीकडे साबणाने घासून दुसरीकडे विसळतात, तिथे ते सोयीचं. आपल्याकडे मांड्याचं पुरण, कळण्याचं पीठ, भरताची पातेली, लग्नकार्याची परात हे सगळं मोठं. कप्पे दोन झाले की प्रत्येक कप्पा अरुंद होतो आणि परात दोन्हींवर आडवी पडून राहते. खान्देशातल्या स्वयंपाकघराला एकच ऐसपैस सिंक लागतं, असं माझं ठाम मत आहे.

खोलीबद्दल मात्र एक सांगते. ज्यांनी सिंक अजून घेतलेलं नाही त्यांनी ऐकावं. ओटा ३३ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल म्हटलं की तळ २३ इंचांवर गेला. पाच फूट उंचीच्या बाईला रोज दोन वेळा तिथपर्यंत वाकायचं आहे. शिंतोडे कमी उडतात म्हणून दुकानदार खोल सिंक पुढे करतात, पण कंबर तुमची आहे. ८ इंच पुष्कळ झाले. तुम्ही घेतलंच आहे तर तळाला स्टीलची जाळी ठेवा, भांडी दीड-दोन इंच वर येतील.

आणि लोहचुंबक लावून स्टील ओळखायची सवय सोडा. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण हलक्या २०२ लाही चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या.

नवीन नळ घेणारच असाल तर लांब दांडीचा, मनगटाने ढकलून उघडणारा घ्या. वांगी सोलून हात काळे झालेत किंवा पीठ कोपरापर्यंत आहे, अशा वेळी गोल चाकी फिरवणं म्हणजे आधी नळ माखायचा आणि मग तो धुवायचा. भिंतीतला नळ ठेवलात ते एका परीने बरंच केलं. ओट्यावर उभ्या राहणाऱ्या नळाच्या बुडाशी पाणी साचतं आणि आपल्या पाण्याने तिथे पांढरं कडं धरतं, ते खरवडून काढावं लागतं.

सिंगल लिव्हर डायव्हर्टर (एकाच दांडीने गरम-गार पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) आणि मोठा चौकोनी शॉवर बसवला. दुकानात पाणी धो-धो पडत होतं. घरी झारीसारखं टपटप पडतं. घर एकमजली, टाकी गच्चीवर. माल सदोष आहे का?
*— एक शिक्षक, चाळीसगाव*

सर, माल चांगला असावा. दुकानातल्या शॉवरला मागे पंप असतो. माझ्याही दुकानात आहे, आणि मी तो आधी दाखवते, मग शॉवर चालू करते.

तुम्हाला हिशेब आवडेल. पाण्याचा ३३ फूट उंच स्तंभ म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. तुमची खोली १० फूट, टाकी गच्चीवर ४ फूट ओट्यावर ठेवली असं धरू, शॉवर फरशीपासून ७ फुटांवर. टाकीच्या बुडापासून शॉवरपर्यंत मिळाले ७ फूट, टाकीतलं पाणी धरून ८. म्हणजे दाब पाव किलोच्या आत-बाहेर. मोठे पावसासारखे शॉवर बहुधा एक किलोच्या हिशेबाने केलेले असतात. पाव किलोवर ते गळणारच. उलट खालचा बादलीचा नळ फरशीपासून दोन-अडीच फुटांवर असतो, त्याला साडेचार-पाच फूट जास्त मिळतात, म्हणून तो बरा चालतो.

काय करता येईल? टाकीचा ओटा आणखी तीन फूट वाढवला तर फरक पडतो, पण तेवढ्याने मोठा शॉवर चालणार नाही. टाकीतून न्हाणीघरासाठी स्वतंत्र, एक इंची पाइप खाली आणला तर स्वयंपाकघरात नळ उघडल्यावर शॉवर मरत नाही. लहान, हातात धरायचा शॉवर कमी दाबावर खूप चांगला चालतो, मी तर तोच सुचवेन. पंप हा शेवटचा इलाज. तो लावला की सगळ्या जुन्या सांध्यांवर दाब येतो, आणि वीज गेली की अंघोळही थांबते.

ज्यांचं काम अजून बाकी आहे त्यांनी एकमजली घरात भिंतीबाहेरचा जुन्या पद्धतीचा वॉल मिक्सर घ्यावा. त्याच्या आतल्या पाण्याच्या वाटा मोठ्या असतात, आणि बिघडला तर टाइल्स न फोडता उघडता येतो. भिंतीत गाडलेला डायव्हर्टर घ्यायचाच असेल तर त्याचं कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडणारा-मिटणारा आतला भाग, ३५ मिलिमीटरचं आहे की ४० चं, ते डबीवरून बिलावर उतरवून घ्या. पाच वर्षांनी बदलायची वेळ येते तेव्हा डबी सापडत नाही.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवते, कारण एप्रिल-मे आता फार लांब नाही. पारा चव्वेचाळीसवर गेला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही. अशा दिवसांत गीझरचं बटण बंद ठेवा आणि मिक्सर गरमच्या बाजूला फिरवा. गीझरच्या टाकीत घराच्या सावलीत थांबलेलं पाणी असतं, तेच त्यातल्या त्यात गार येतं. पहिली बादली तरी सुखाची होते. यासाठीही मिक्सर हवा, नुसता थंड पाण्याचा नळ नको.

फ्लॅटमध्ये टेबलावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन घेतलं. नळ लहान पडला, आता काठावर पाणी सांडतं.
*— जळगाव*

वाडगा-बेसिनची उंची ५-६ इंच असते आणि ते दगडाच्या वर बसतं. त्याला उंच बॉडीचा पिलर कॉक, म्हणजे दगडावर उभा राहणारा नळ, लागतो, साधा चालत नाही. बेसिनच्या काठापासून नळाचं तोंड चार-पाच इंच वर, आणि धार बेसिनच्या जाळीच्या जरा अलीकडे. जाळीवर नेमकी धार पडली तरी पाणी उडतं. बेसिन गोल आहे की चौकोनी ते तुम्ही लिहिलेलं नाही. गोलाला गोल बॉडीचा आणि चौकोनीला कडा असलेला नळ शोभतो. पण माप आधी जुळवा, आकार नंतर.

असली पितळेचा नळ कसा ओळखायचा?
*— नंदुरबार*

हातात घ्या, वजन लागलं पाहिजे. मग मागचा आटा बघा. तिथे प्लेटिंग नीट चढलेलं नसतं, पिवळा धातू दिसतो. आटे धारदार आणि सारखे असावेत. पितळी फॅन्सी नळांचं भारतीय मानक आय.एस. ८९३१ आहे, तो आकडा आणि आयएसआयची खूण नळावर किंवा डबीवर शोधा. दांडी मात्र चांगल्या नळालाही पुष्कळदा दुसऱ्या धातूची असते, त्याने बिघडत नाही. अंगणात, उन्हात प्लास्टिकचा नळ लावू नका. आपल्या उन्हाने तो दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो. पण पितळी नळ अंगणातून चोरीला जातात, हीही तक्रार माझ्याकडे येते. रस्त्याच्या बाजूला असेल तर तिथे प्लास्टिकच बरा.

आमच्या जुन्या वाड्यात चौकातल्या मोरीवर आजोबांनी लावलेली पितळी तोटी आहे. 'नय गयस, नय गयस' (नळ गळतो, नळ गळतो) असं आई दिवसभर म्हणत असते. प्लंबर म्हणतो फेकून द्या, नवीन लावा. मला ती काढवत नाही.
*— धुळे*

भाऊ, काढू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या दुकानाच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळच्या अशा अकरा तोट्या अजून जपून ठेवल्या आहेत. त्या काळचं ओतीव पितळ आज त्या जाडीत मिळत नाही. गळते ती तोटी नसते, तिच्या पोटातला वायसर असतो.

पण गळती थांबवलीच पाहिजे, आईचं बरोबर आहे. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी गेलं, आणि तोटीचा थेंब त्याहून मोठाच असतो. आपल्याकडे चार दिवसांआड पाणी येणारी गावं आहेत.

असं करा. मागचा कॉक बंद करा. तोटीच्या मानेवरच्या नटाला जाड फडकं गुंडाळून पान्याने उलटा फिरवा, म्हणजे पितळेवर दात उमटणार नाहीत. स्पिंडल, म्हणजे आतली दांडी, वर येईल, त्याच्या बुडाला वायसर दिसेल. तो आतापर्यंत दगड झालेला असेल. त्याच मापाचा नवा लावा. नंतर बोट आत घालून वायसर जिथे टेकतो ती कडा चाचपा. ती गुळगुळीत लागली तर काम झालं. खड्डा लागला तर नवा वायसरही महिन्यात फाटेल. त्या कडेला सारखं करायचं एक लहान कटर असतं. तुमच्या प्लंबरकडे नसेल तर एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारा. दांडीच्या वाटे पाणी येत असेल तर नटाखाली सुताचा दोरा तेलात भिजवून दोन वेढे द्यायचे.

चमक आणायला चिंच आणि मीठ पुरे. वर चढवलेलं प्लेटिंग नसल्यामुळे या तोटीला चिंच चालते, आजच्या क्रोमला ती लावू नका. एक काळजी घ्या. जुन्या पितळेत थोडं शिसं असे, म्हणून या तोटीचं रात्रभर थांबलेलं पाणी पिऊ नका. सकाळचे पहिले दोन तांबे झाडांना घाला.

बाकीचा वाडा नीट करताना नवे नळ घ्याल तेव्हा या तोटीशेजारी चकचकीत क्रोम बसवू नका, फार बोचेल. अँटिक पितळी रंगाचे साधे बिब कॉक, म्हणजे भिंतीतल्या तोट्या, घ्या, नक्षीचे नकोत. शहाबादी फरशी आणि सागवानी खांब असलेल्या चौकात तेच खुलतील.

आईचं वय ७८. बाथरूमचा नळ नीट बंद करत नाही, पाणी गळत राहतं. सांगून सांगून थकलो. आपोआप बंद होणारा नळ असतो का?
*— पारोळा*

असतो. दाबला की थोडा वेळ पाणी देऊन बंद होणारा नळ बसस्थानकात, शाळेत लावतात. तो आईंना लावू नका. तो दाबायला जोर लागतो, आणि बादली भरेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा लागतो.

माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांचा नळ रात्रभर गळायचा, सकाळी मी बंद करायची. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला घरात पाहुणे होते, तेव्हा सगळ्यांच्या देखत मी त्यांना जरा जोरातच बोलले, की पाण्याची एवढी टंचाई आणि तुमचं लक्ष नसतं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी दार अर्धवट उघडं होतं म्हणून दिसलं, त्या दोन्ही हातांनी नळाची गोल चाकी आवळत होत्या. बोटांची पेरं सुजलेली, चाकी साबणाने निसरडी. लक्ष पुरेपूर होतं, ताकद नव्हती. दीडशे नळ विकायला ठेवलेल्या घरात त्यांच्या हाताजोगा एक नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच दिवशी लांब दांडीचा, सिरॅमिक डिस्कचा पाव फेऱ्याचा नळ लावला. तो आवळावा लागत नाही, दांडी आडवी केली की पाणी बंद. पुढे त्यांचा नळ कधी गळला नाही.

तुम्हीही तेच करा. दांडी किमान तीन इंच लांब आणि सरळ हवी, निमुळती किंवा गोटीसारखी नको. आईंना दुकानात नेता येत असेल तर न्या, आणि हात ओला करून त्यांनाच उघडायला-मिटायला सांगा. मिक्सर असेल तर गरम पाण्याची बाजू लाल खुणेने ठळक दिसली पाहिजे, आणि गीझरचं तापमान कमी ठेवा. हातात धरायचा शॉवर बसून वापरता येईल इतक्या खाली अडकवा. नळाशेजारी भिंतीत पकडायला दांडा लावा, मात्र तो टॉवेलचा नसावा. टॉवेलचा दांडा वजनाने उखडतो आणि घसरताना माणूस नेमका त्यालाच धरतं. नळालाही धरतं, म्हणून त्याच्या मागचा पाइप भिंतीत हलत नाही ना, ते प्लंबरला बघायला सांगा.

आई पाटावर बसून अंघोळ करतात की स्टुलावर, आणि आताचा नळ फरशीपासून किती इंचांवर आहे, हे पत्रात नाही. मोजून कळवा. त्यावरून लाँग बॉडी, म्हणजे भिंतीपासून जास्त पुढे येणारा नळ, घ्यायचा की साधा, ते सांगते.